बिंदू निसर्गाचे, रेषा आपली
खगोलशास्त्रातील आलेख कसे वाचावेत?

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी वर्षातील एक सायंकाळ विज्ञानासाठी राखून ठेवावी, असे संयोजकांना वाटले, ही मोठ्या समाधानाची गोष्ट आहे. माझा विषय ऐकून काहींच्या मनात थोडी धास्ती निर्माण झाली असेल. आलेख म्हटले की शाळेतील चौकटीचा कागद आणि गणिताचा तास आठवतो. परंतु थोडा विचार केला तर आपण सर्वजण नित्य आलेख वाचत असतो, हे ध्यानात येईल. शेअर बाजाराची चढउतार आपण आलेखातच पाहतो. हृदयाची तपासणी करणारे डॉक्टर कागदावरील नागमोडी रेषा वाचतात. बालकाचे वजन वयाप्रमाणे वाढते आहे की नाही, हे अंगणवाडीतील ताई आलेखावर टिंब देऊनच आईला समजावून सांगतात. २०२० साली महामारीच्या काळात तर सारा देश रोज सकाळी रुग्णसंख्येचा आलेख पाहून दिवसाची सुरुवात करीत होता.

खगोलशास्त्रज्ञाला आलेखाची गरज आपल्यापेक्षाही अधिक असते. रसायनशास्त्रज्ञ पदार्थ परीक्षानळीत घेतो, वैद्य रोग्याची नाडी पाहतो; ताऱ्याला मात्र हात लावता येत नाही. त्याच्याकडून येतो तो केवळ प्रकाश, आणि त्या प्रकाशाच्या मोजमापातून मिळतात ते आकडे. वही आकड्यांनी भरून जाते; पण व्यापारात ज्याप्रमाणे रोजकीर्दीतील नोंदी नुसत्या वाचून नफा-तोटा कळत नाही, त्यासाठी ताळेबंद मांडावा लागतो, त्याप्रमाणे आकाशाच्या या नोंदींचा ताळेबंद म्हणजे आलेख होय.

आजच्या व्याख्यानाचे सार एका वाक्यात सांगायचे तर ते असे : आलेखावरील बिंदू निसर्ग देतो, पण त्या बिंदूंमधून जाणारी रेषा आपण काढतो. हा भेद ज्याला कळला, त्याला आलेख वाचता आला. विश्वाचे वय ठरविण्याच्या प्रयत्नात शास्त्रज्ञांना हा धडा किती कष्टाने शिकावा लागला, त्याची कथा मी आपल्यासमोर ठेवणार आहे.

एका ताऱ्याचा आलेख

आरंभ अगदी साध्या आलेखाने करू. उत्तर आकाशात वृषपर्वा नावाचा तारकासमूह आहे. पाश्चात्त्य त्याला सेफियस म्हणतात. त्यातील डेल्टा हा तारा नुसत्या डोळ्यांनी दिसतो, पण त्याचे तेज कायम राहत नाही. इंग्लंडमधील यॉर्क येथे राहणाऱ्या जॉन गुडरिक या कर्णबधिर तरुणाने १७८४ साली त्याचे निरीक्षण केले आणि हे तेज ठरावीक कालाने कमी-अधिक होते, असे दाखवून दिले. त्या वेळी गुडरिकचे वय अवघे वीस वर्षांचे होते.

या ताऱ्याचा आलेख काढायचा असेल तर आडव्या अक्षावर दिवस घ्यायचे आणि उभ्या अक्षावर ताऱ्याचे तेज. काही रात्रींचे बिंदू मांडले की आकृती उमटू लागते. तेज सुमारे दीड दिवसात झपाट्याने वाढते, नंतर सुमारे चार दिवस सावकाश उतरते आणि पुन्हा चढू लागते. एक आवर्तन ५ दिवस ९ तासांच्या आसपास पूर्ण होते. आकड्यांच्या रांगेत जे दिसत नव्हते, ते आलेखात एका दृष्टिक्षेपात दिसले.

येथेच वाचकाने पहिली सावधगिरी बाळगावी. ताऱ्यांचे तेज 'प्रत' या एककात सांगतात आणि ही मोजणी उलटी चालते. पहिल्या प्रतीचा तारा तेजस्वी, सहाव्या प्रतीचा अत्यंत अंधूक. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभर पटींचा फरक. त्यामुळे अशा आलेखात उभ्या अक्षावर वर जाताना आकडा लहान होत जातो. अक्षावर काय लिहिले आहे, एकक कोणते आहे आणि आकडे कोणत्या दिशेने वाढतात, हे न पाहता जो थेट रेषेकडे पाहतो, तो तेजाच्या वाढीला घट समजून बसेल. म्हणून आलेख वाचताना आधी अक्ष वाचावेत.

पंचवीस ताऱ्यांचा आलेख

आता आपण अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेत जाऊ. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे काही स्त्रिया ताऱ्यांची छायाचित्रे असलेल्या काचा तपासून तेज मोजण्याचे काम करीत. त्यांना दुर्बिणीवर काम करण्याची संधी सहसा मिळत नसे आणि वेतनही तुटपुंजे असे. त्यांच्यापैकी हेन्रिएटा लेव्हिट यांना पेरू देशातील आरेकिपा येथून घेतलेल्या काचा तपासण्यास दिल्या होत्या. त्या काचांवर मॅगेलनचा लहान मेघ नावाचा तारकापुंज होता. हा मेघ आकाशाच्या दक्षिण ध्रुवाजवळ असल्याने महाराष्ट्रातून त्याचे दर्शन जवळजवळ अशक्य आहे.

दोन्ही मॅगेलन मेघांत मिळून १७७७ रूपविकारी तारे लेव्हिट यांनी १९०८ साली नोंदविले. त्यांतील लहान मेघातील २५ ताऱ्यांचा आलेख १९१२ साली प्रसिद्ध झाला. आडव्या अक्षावर ताऱ्याच्या आवर्तनाचा काल, उभ्या अक्षावर त्याचे तेज. सर्वांत कमी काल सव्वा दिवसाचा, तर सर्वांत अधिक १२७ दिवसांचा. जितका काल मोठा, तितका तारा तेजस्वी, हे उघड दिसत होते.

लेव्हिट यांनी हे आलेख दोन प्रकारे काढले. पहिल्यात दिवस नेहमीच्या पट्टीवर मांडले. त्यात अल्प कालाचे बहुतेक तारे डाव्या कोपऱ्यात दाटीने गोळा झाले आणि रेषा वाकडी आली. दुसऱ्यात दिवसांचे लॉगरिदम घेतले. साध्या पट्टीवर प्रत्येक पाऊल बेरजेचे असते : दहा, वीस, तीस. लॉगरिदमच्या पट्टीवर प्रत्येक पाऊल गुणाकाराचे असते : एक, दहा, शंभर. या पट्टीवर तेच २५ बिंदू जवळजवळ सरळ रेषेत येऊन बसले. आकडे तेच, तारे तेच. केवळ मोजपट्टी बदलली आणि दडलेला नियम उघड झाला.

व्यापारी बंधूंना याचे मर्म चटकन कळेल. शंभर रुपयांचा भाव दोनशे झाला आणि हजाराचा दोन हजार झाला, तर दोन्ही ठिकाणी वाढ दुपटीचीच आहे. पण साध्या पट्टीवर दुसरी वाढ दहापट उंच दिसेल. कोणती पट्टी योग्य हे प्रश्नावर अवलंबून असते. मात्र कोणती वापरली आहे, हे वाचकाने पाहिलेच पाहिजे.

या आलेखाचे महत्त्व काय? दूरच्या डोंगरावरील एखाद्या गावात रात्री दिवे लुकलुकत असतात. ते सर्व आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर असल्याने जो दिवा अधिक प्रखर दिसतो, तो खरोखरच अधिक प्रखर असतो. मेघातील ताऱ्यांचेही तसेच. म्हणजे आवर्तनाचा काल मोजला की ताऱ्याचे खरे तेज कळावे, आणि खऱ्या तेजाची दिसणाऱ्या तेजाशी तुलना केली की त्याचे अंतर निघावे. मात्र त्यासाठी एक गोष्ट अद्याप हवी होती. लेव्हिट यांची रेषा एक तारा दुसऱ्यापेक्षा किती पट तेजस्वी, एवढेच सांगत होती. प्रत्यक्ष तेजाचा आकडा जवळच्या ताऱ्यांवरून ठरवायचा होता. १९१८ साली हार्लो शॅप्ली यांनी ते करताना निरनिराळ्या ठिकाणचे रूपविकारी तारे एकाच रेषेवर बसविले. या निर्णयाचा परिणाम पुढे दिसेल.

चोवीस बिंदू आणि विश्वाचे वय

१९२३ च्या ऑक्टोबरमध्ये एडविन हबल यांना कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन वेधशाळेत, शंभर इंची दुर्बिणीने घेतलेल्या छायाचित्रात देवयानी दीर्घिकेतील असाच एक तारा सापडला. लेव्हिट यांच्या नियमाने अंतर काढले, तेव्हा ते सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षे आले. देवयानी आपल्या आकाशगंगेच्या पुष्कळ बाहेर आहे, हे निश्चित झाले. ते पाहण्यास लेव्हिट हयात नव्हत्या. १९२१ सालीच त्यांचे निधन झाले होते.

पुढे १९२९ साली हबल यांनी एक आलेख प्रसिद्ध केला. आडव्या अक्षावर दीर्घिकांचे अंतर, उभ्या अक्षावर त्या आपल्यापासून दूर जाण्याचा वेग. वेगांची बहुतेक मोजमापे व्हेस्टो स्लायफर यांची होती. बिंदू होते केवळ २४, आणि तेही बरेच विखुरलेले. काही जवळच्या दीर्घिका तर दूर जाण्याऐवजी आपल्याकडेच येत होत्या. मूळ आलेखात वेगाच्या अक्षावर नुसते 'किलोमीटर' छापले गेले; 'दर सेकंदाला' हे शब्द राहूनच गेले! त्या विखुरलेल्या बिंदूंतून हबल यांनी सरळ रेषा काढली : अंतर दुप्पट तर वेगही दुप्पट. दोनच वर्षांनी हबल आणि मिल्टन ह्युमासन यांनी कितीतरी दूरच्या दीर्घिकांचे बिंदू मांडले आणि रेषा सरळच राहिली. नव्या आलेखात १९२९ चे सारे बिंदू डाव्या खालच्या कोपऱ्यात मावत होते.

आलेखाच्या रेषेला उतार असतो आणि त्या उताराला अर्थ असतो. हबल यांच्या रेषेचा उतार सांगत होता की, दर मेगापार्सेक अंतरामागे, म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे, वेग सेकंदाला सुमारे ५०० किलोमीटरने वाढतो. एस.टी. स्थानकातून निघालेली गाडी किती अंतरावर आहे आणि कोणत्या वेगाने चालली आहे, हे माहीत असेल तर ती केव्हा निघाली ते सांगता येते. तसाच हिशेब येथे केला, तर सर्व दीर्घिका सुमारे २०० कोटी वर्षांपूर्वी एकत्र होत्या, असे उत्तर येते.

आणि येथेच मोठा पेच उभा राहिला. किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या आधारे पृथ्वीवरील खडकांचे वय काढले जात होते आणि ते २०० कोटी वर्षांच्या पलीकडे जाऊ लागले होते. १९५६ साली क्लेअर पॅटरसन यांनी पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे असल्याचे दाखविले. घर कालचे आणि त्यातील भिंत परवाची, असे कधी होईल का? पण आलेख तर तसेच सांगत होता.

न दिसलेले बिंदू

या पेचाचा उलगडा वॉल्टर बाडे यांनी केला. पॅलोमार येथील नवी दोनशे इंची दुर्बीण वापरात आल्यावर त्यांनी देवयानीकडे दृष्टी वळविली. हबल यांचे अंतर बरोबर असते, तर एका विशिष्ट जातीचे मंद रूपविकारी तारे या दुर्बिणीतून दिसायला हवे होते. ते दिसलेच नाहीत. आलेखावर जेथे बिंदू असायला हवे होते, तेथे कोरी जागा राहिली, आणि बाडे यांनी ती कोरी जागाच वाचली.

१९५२ साली रोम येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी आपला निष्कर्ष मांडला. सेफीड तारे एका जातीचे नसून दोन जातींचे आहेत. तरुण जातीचे तारे तेवढ्याच आवर्तनकालाच्या वृद्ध ताऱ्यांपेक्षा सुमारे दीड प्रतीने, म्हणजे जवळजवळ चौपट, तेजस्वी असतात. ज्या बिंदूंना दोन स्वतंत्र रेषा हव्या होत्या, त्यांच्यावर एकच रेषा लादली गेली होती. खरे तेज चौपट म्हणजे अंतर दुप्पट, आणि अंतर दुप्पट म्हणजे विश्वाचे वयही दुप्पट! १९५८ साली अॅलन सँडेज यांनी आणखी काही त्रुटी दूर केल्यावर उतार ५०० वरून सुमारे ७५ वर आला आणि पृथ्वीपेक्षा विश्व लहान असण्याचा पेच सुटला.

लेव्हिट यांचा एकही बिंदू या साऱ्या उलथापालथीत चुकीचा ठरला नाही. बदलली ती बिंदूंवर आपण बसविलेली समजूत.

एक आलेख, दोन पक्ष

वयाचा पेच सुटण्यापूर्वी, १९४८ साली, हर्मन बाँडी, थॉमस गोल्ड आणि फ्रेड हॉइल यांनी स्थिर स्थितीचा सिद्धांत मांडला होता. विश्वाला आरंभच नसेल, तर त्याच्या वयाचा प्रश्नच उरत नाही! पुढे या सिद्धांताची बाजू मांडण्यात कोल्हापूर येथे जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर अग्रभागी होते.

केंब्रिजचे मार्टिन राइल रेडिओ लहरी सोडणाऱ्या आकाशस्थ स्रोतांची मोजणी करीत होते. त्यांच्या आलेखामागील तर्क सोपा आहे. स्रोत सर्वत्र सारखे पसरलेले असतील आणि आपण पूर्वीच्या एक-चतुर्थांश तेजाचे स्रोतही मोजू लागलो, तर आपली नजर दुप्पट दूर जाते, व्यापलेले घनफळ आठपट होते आणि स्रोतही आठपट सापडतात. स्थिर स्थितीच्या विश्वात ही वाढ आठपटीहून अधिक होऊ नये. १९५५ च्या मोजणीतील तीव्र उतारानुसार ती सुमारे ६४ पट येत होती! परंतु ऑस्ट्रेलियातील मोजणीशी तिचा मेळ बसेना. अनेक मंद स्रोत उपकरणात एकमेकांत मिसळून एक मोठा स्रोत असल्याचा भास होत होता, असे निष्पन्न झाले. याचा अर्थ, बिंदू निसर्गाचे असले तरी ते उपकरणाच्या चाळणीतून आपल्यापर्यंत येतात. ती चाळणी कशी आहे, हेही विचारावे लागते.

१९६१ साली सुधारलेल्या मोजणीत वाढ सुमारे बारापट आली. राइल यांनी स्थिर स्थितीचा सिद्धांत बाद झाल्याचे जाहीर केले. हॉइल आणि त्यांचे तरुण विद्यार्थी नारळीकर यांनी त्याच बिंदूंचा वेगळा अर्थ लागू शकतो, असे दाखविले : स्रोतांची वाटणी मोठ्या प्रमाणावर असमान असेल तर आठपटीची अट लागू होत नाही. पुढे १९६५ साली विश्वव्यापी सूक्ष्मतरंग प्रारणाचा शोध लागला आणि बहुसंख्य शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूने झुकले. तरीही, पर्यायी अर्थ तपासल्याशिवाय रेषेवर शिक्कामोर्तब करू नये, हा आग्रह नारळीकरांनी आयुष्यभर धरला. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांचा सिद्धांत बहुमताला मान्य झाला नाही, परंतु आलेखाला प्रश्न विचारण्याची त्यांची वृत्ती विज्ञानाला नेहमीच हवी असते.

बिंदूला जोडलेली उभी रेघ

आधुनिक आलेखात प्रत्येक बिंदूच्या वर-खाली एक लहान उभी रेघ असते. अनेक वाचक तिच्याकडे दुर्लक्ष करतात. खरे तर ती शास्त्रज्ञाच्या प्रामाणिकपणाची खूण आहे. 'माझे मोजमाप येथे आहे, पण खरे मूल्य या पट्ट्यात कोठेही असू शकेल,' असे ती रेघ सांगते.

१९९८ साली दोन स्वतंत्र गटांनी दूरच्या सुपरनोव्हा ताऱ्यांचा आलेख मांडला. अपेक्षित रेषेपेक्षा ते तारे साधारण पाव प्रतीने मंद निघाले, म्हणजे अपेक्षेहून सुमारे दहा ते पंधरा टक्के दूर. एकेका बिंदूची रेघ बरीच लांब होती. एकाच बिंदूवर कोणी काही ठरविले असते, तर ते धाडस ठरले असते. पण अनेक बिंदू एकाच बाजूला झुकले आणि दोन गटांचे उत्तर जुळले. विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढत आहे, हा निष्कर्ष त्यातून निघाला आणि २०११ साली सॉल पर्लमटर, ब्रायन श्मिट आणि अॅडम रीस यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले.

उलट उदाहरणही आहे. प्लँक उपग्रहाच्या निरीक्षणांतून २०१८ साली प्रसरणाचा दर ६७.४ आला, तर सेफीड आणि सुपरनोव्हांच्या साहाय्याने २०२२ साली तो सुमारे ७३ आला. वरवर पाहता फरक लहान आहे. परंतु पहिल्याची त्रुटी अर्धा आणि दुसऱ्याची सुमारे एक एवढीच असल्याने त्यांच्या रेघा एकमेकींना स्पर्शही करीत नाहीत. विश्वाचे वय आज सुमारे १३८० कोटी वर्षे मानले जाते. पण मोजमापात काही सूक्ष्म दोष राहिला आहे की निसर्गाचा एखादा नियम आपल्याला अद्याप ठाऊक नाही, हा प्रश्न खुला आहे. बाडे यांच्यासारखा कोरी जागा वाचणारा कोणीतरी पुन्हा हवा आहे.

आपण काय घ्यावे?

बंधू-भगिनींनो, ताऱ्यांच्या या आलेखांचा आपल्या व्यवहाराशी काय संबंध, असे कोणी विचारील. गुंतवणुकीच्या जाहिरातीत, निवडणुकीच्या प्रचारात, औषधाच्या माहितीपत्रकात आता आलेखच आपल्याशी बोलतात. उभा अक्ष शून्याऐवजी नव्वदपासून सुरू केला की किरकोळ वाढ डोंगराएवढी दिसते. सोयीची पाच वर्षे निवडली की तोटा नाहीसा होतो. चढती रेषा बिंदू संपल्यावरही तुटक-तुटक पुढे नेली की ती भविष्यवाणी वाटू लागते. अशा रेषेवर भरवसा ठेवून आयुष्यभराची बचत गमावलेली कुटुंबे आपण पाहिली आहेत.

म्हणून आलेख समोर आला की स्वतःलाच काही प्रश्न विचारावेत. अक्षांवर काय आहे आणि एकक कोणते? मोजपट्टी बेरजेची की गुणाकाराची? बिंदू किती, किती विखुरलेले आणि त्यांची त्रुटी किती? कोणते बिंदू येथे नाहीत, आणि का नाहीत? शेवटी, रेषा कोणी काढली, आणि याच बिंदूंतून दुसरी रेषा जाऊ शकेल का? घरातील विद्यार्थ्यांना हे प्रश्न विचारण्याची सवय लागली, तर गुणपत्रिकेत न दिसणारी एक मोठी शिदोरी त्यांना मिळेल.

युवकांना एक विनंती करून थांबतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या निरभ्र रात्री, शहराच्या दिव्यांपासून थोडे दूर जाऊन उत्तरेकडे पाहा. वृषपर्वातील डेल्टा ताऱ्याची शेजारच्या झीटा आणि एप्सायलन या ताऱ्यांशी तुलना करा. झीटा सुमारे ३.४ प्रतीचा आहे, एप्सायलन सुमारे ४.२ प्रतीचा. डेल्टा त्या रात्री कोणाच्या जवळ जातो ते नोंदवा. महिनाभर रोज एक बिंदू मांडा. ढग आले त्या रात्रीची जागा कोरीच सोडा. अंदाजाने भरू नका. पुरेसे बिंदू जमल्याशिवाय रेषा काढू नका. सव्वादोनशेहून अधिक वर्षांपूर्वी एका वीस वर्षांच्या तरुणाला जे दिसले, ते तुमच्याही कागदावर उमटेल, आणि ते तुम्ही स्वतः मिळविलेले ज्ञान असेल.